तीन लाल दिवे : वॉरंटी ही कंपनीची कृपा नव्हे

१/
५ जुलै २००७ रोजी मायक्रोसॉफ्टने एक घोषणा केली. एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलवर तीन लाल दिवे लुकलुकून यंत्र बंद पडले, तर खरेदीच्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत ते विनामूल्य दुरुस्त करून मिळेल. या एका आश्वासनापोटी कंपनीने १०५ ते ११५ कोटी डॉलरचा बोजा आपल्या हिशेबात धरला. आज ही घटना ‘ग्राहकासाठी कंपनीने सोसलेली झळ’ म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ही कथा उलट्या बाजूने सांगितली गेली आहे. हा धागा त्याविषयी.

२/
आधी पार्श्वभूमी. एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत २२ नोव्हेंबर २००५ रोजी बाजारात आला. प्रतिस्पर्धी सोनीचा प्लेस्टेशन ३ त्यानंतर सुमारे वर्षभराने, नोव्हेंबर २००६ मध्ये अवतरला. हे एक वर्ष मायक्रोसॉफ्टसाठी अमूल्य होते. आधीच्या पिढीत प्लेस्टेशन २ ने बाजार काबीज केला होता. या वेळी पहिले पाऊल आपले पडावे, हा कंपनीचा निर्धार होता. घाईचा हिशेब पुढे कोणी चुकता केला, हे पाहण्यासारखे आहे.

३/
या कन्सोलच्या चालू-बंद करण्याच्या बटणाभोवती प्रकाशाचे एक कडे होते. त्याचे चार भाग. सर्व सुरळीत असताना ते हिरवे दिसत आणि किती कंट्रोलर जोडले आहेत ते सांगत. बिघाडात मात्र ते लाल होत, आणि लाल भागांच्या संख्येला अर्थ होता. दोन भाग लाल म्हणजे यंत्र अति तापले. चारही लाल म्हणजे टीव्हीची केबल जोडलेली नाही. तीन लाल म्हणजे यंत्राच्या अंतर्भागात बिघाड. खेळणाऱ्यांनी या तिसऱ्या खुणेला नाव दिले : ‘रेड रिंग ऑफ डेथ’, मृत्यूचे लाल कडे.

४/
अमेरिकेत या कन्सोलची मूळ वॉरंटी किती होती? ९० दिवस. म्हणजे नोव्हेंबर २००५ मध्ये पहाटेपासून रांग लावून ज्याने कन्सोल घेतला, त्याची हमी फेब्रुवारी २००६ मध्ये संपुष्टात आली. त्यानंतर दिवे लाल झाले तर दुरुस्तीचा खर्च ग्राहकाचा. बिघाडाचे प्रमाण किती, असे विचारले असता कंपनीचे उत्तर ठरलेले असे : या उद्योगात सर्वसाधारण मानले जाते तेवढेच, तीन ते पाच टक्के.

५/
यानंतरचा घटनाक्रम तारखांनिशी पाहावा.

सप्टेंबर २००६ : १ जानेवारी २००६ पूर्वी बनलेले कन्सोल विनामूल्य दुरुस्त करण्याची तयारी.
डिसेंबर २००६ : अमेरिकेतील वॉरंटी ९० दिवसांवरून एक वर्ष, तीही पूर्वलक्षी.
जुलै २००७ : तीन लाल दिव्यांसाठी तीन वर्षे, आधी ज्यांनी दुरुस्तीचे पैसे भरले त्यांना परतावा.
एप्रिल २००९ : ‘ई ७४’ या दुसऱ्या त्रुटीलाही तेच तीन वर्षांचे संरक्षण.

६/
ही यादी वरून खाली वाचली तर औदार्य वाढत गेल्यासारखे दिसते. आता प्रत्येक पायरीवर काय मान्य केले गेले ते पाहा. आधी ‘दोष केवळ पहिल्या खेपेत’. मग ‘मुदत थोडी अपुरी’. मग ‘दोष सर्वत्र असू शकतो’. आणि शेवटी ‘त्या दोषाचे दुसरे रूपही आहे’. दुसऱ्या शब्दांत, ही माघारीची नोंद आहे. प्रत्येक पायरीआधी तक्रारींचा ढीग होता, आणि प्रत्येक पायरीने तेवढाच दोष कबूल केला जेवढा तोपर्यंत लपवणे अशक्य झाले होते.

७/
दोष नेमका कोणता होता? अनेक वर्षे दोष सोल्डरवर, म्हणजे चिप आणि बोर्ड जोडणाऱ्या डाखावर, टाकला गेला. युरोपीय संघाची शिसेबंदी १ जुलै २००६ पासून लागू होणार होती. सारा उद्योग शिसेविरहित सोल्डरकडे वळत होता आणि नवे मिश्रण अधिक ठिसूळ ठरते, असे सांगितले जाई. पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच अभियंत्यांनी कॅमेऱ्यासमोर खुलासा केला : जोड तुटत होते ते चिपच्या आवरणाच्या आत, आणि कारण होते तापण्या-निवण्याचे सततचे चक्र.

८/
ही प्रक्रिया समजायला सोपी आहे. कन्सोल सुरू केला की चिप तापते, बंद केला की निवते. तापताना प्रत्येक पदार्थ प्रसरण पावतो, पण सारखा नाही. चिपचे सिलिकॉन कमी, खालचा थर अधिक. मधले सूक्ष्म जोड दर वेळी ताणले जातात. पातळ तार पुन्हा पुन्हा वाकवली की अखेर तुटते, तसेच हे. त्यात चित्रे घडवणाऱ्या चिपच्या अगदी वर डीव्हीडीचा खण बसवलेला. त्यामुळे उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना उंची मिळाली नाही. म्हणजे कन्सोल जितका आवडीने वापरावा, तितका तो मरणाच्या जवळ जाई.

९/
वॉरंटी संपलेल्यांनी मग स्वतःचे उपाय शोधले. सर्वांत गाजलेला उपाय टॉवेलचा. कन्सोल टॉवेलांत गुंडाळायचा, मुद्दाम सुरू ठेवायचा, आतल्या आत तापू द्यायचा. काही वेळाने तो खरोखर सुरू होई! उष्णतेने प्रसरण पावलेले तुटके जोड क्षणभर पुन्हा टेकत. तो बरा होत नसे. काही दिवसांची उधारी मिळे, आणि आगीचा धोका वेगळाच. दुसरा उपाय चिपवरची पकड काढून तिच्या जागी स्क्रू घट्ट आवळण्याचा. त्यासाठी कन्सोल उघडावा लागे. आणि उघडला की वॉरंटीचे सील फाटे.

१०/
असे घरगुती उपाय या यंत्रांच्या इतिहासात जागोजागी आढळतात. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या निन्टेंडोच्या एनईएसमध्ये कार्ट्रिज समोरून सरकवून खाली दाबावे लागे, कारण ते खेळण्यापेक्षा व्हीसीआरसारखे दिसावे अशी योजना होती. त्या रचनेत आतला जोड लवकर सैल होई आणि पडदा लुकलुके. मुले कार्ट्रिजवर फुंकर मारत. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या प्रती डिस्क वाचताना अडखळत. लोक यंत्र उलटे करून ठेवत.

११/
फुंकर, उलटे ठेवणे, टॉवेल. आज हे गमतीने आठवले जाते, विनोदी चित्रांत वापरले जाते. मला त्यात एक गंभीर गोष्ट दिसते. रचनेतला दोष दूर करण्याचे श्रम यंत्र बनवणाऱ्याकडून वापरणाऱ्याकडे सरकलेले आहेत. आणि ते इतक्या सहज सरकले की वापरणाऱ्याला तो आपल्या हातगुणाचा भाग वाटू लागला. ‘तुला नीट फुंकर मारता येत नाही’ असे एक मूल दुसऱ्याला म्हणते, तेव्हा कारखान्यातला दोष मुलाच्या फुंकरीत जाऊन बसलेला असतो.

१२/
ग्राहकाला एकटे पाडणारे एक वाक्य जगभर सारखे आहे : ‘अशी तक्रार आमच्याकडे पहिल्यांदाच आली.’ माझ्या कंट्रोलरची काडी आपोआप एका बाजूला सरकू लागली, तेव्हा एका सर्व्हिस सेंटरमध्ये हेच वाक्य मीही ऐकले. काउंटरवरच्या मुलाचा त्यात दोष नव्हता. त्याला जे सांगायला शिकवले होते, ते तो सांगत होता. पण हे वाक्य काय करते ते लक्षात घ्या. तुमचा अनुभव खोटा ठरवण्याची त्याला गरज नसते. तो ‘अपवाद’ ठरवला की काम भागते.

१३/
एक्सबॉक्स ३६० च्या बाबतीत हे वाक्य टिकले नाही, आणि याचे कारण ते लाल कडेच होते. हजार घरांत हजार यंत्रे बंद पडली, पण सर्वांवर एकच खूण उमटली. तिचे छायाचित्र काढता येत होते, तिला नाव देता येत होते, अनोळखी माणसाला ‘तुझेही तेच का?’ असे विचारता येत होते. कोणतीही खूण न देता यंत्र नुसतेच बंद पडले असते, तर प्रत्येक जण आपल्या वीजजोडणीला किंवा नशिबाला दोष देत बसला असता. कंपनीने बसवलेला दिवाच कंपनीविरुद्धचा साक्षीदार ठरला.

१४/
आकड्यांविषयी इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध असावे. २००९ मध्ये स्क्वेअरट्रेड या कंपनीने सुमारे १६,००० कन्सोलांच्या नोंदींवरून दोन वर्षांतले बिघाडाचे प्रमाण जाहीर केले : एक्सबॉक्स ३६० मध्ये २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३ मध्ये १० टक्के, निन्टेंडो वीमध्ये २.७ टक्के. पण स्क्वेअरट्रेडचा धंदाच वाढीव वॉरंटी विकण्याचा. बिघाडाची भीती जितकी मोठी, तितका तिचा गल्ला मोठा. शिवाय लाल कड्याचे रुग्ण थेट मायक्रोसॉफ्टकडे जात असणार, म्हणजे ती संख्या कमीही भरली असेल. हितसंबंध असलेला साक्षीदार खोटाच असतो असे नाही. पण त्याच्यावाचून दुसरा साक्षीदार नसावा, हे खटकणारे आहे. खरा आकडा ज्यांच्याकडे होता त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही.

१५/
आता त्या ‘९० दिवसां’कडे वळू. ही मुदत आकाशातून पडलेली नाही. यंत्रयुगाच्या आरंभी अमेरिकेतला सर्वसाधारण नियम असा होता की वस्तूत दोष निघाला तर ग्राहकाने विक्रेत्याला विचारावे, कारण करार त्या दोघांचा. कारखानदाराशी त्याचा संबंध नाही. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने ब्युइक मोटारीच्या खटल्यात ही भिंत पाडली. लाकडी आऱ्यांचे चाक मोडून चालक जखमी झाला होता. निष्काळजीपणे बनवलेल्या वस्तूची जबाबदारी बनवणाऱ्यावरही येते, असे न्यायालयाने ठरवले.

१६/
कारखानदारांनी मग छापील वॉरंटीचा आधार घेतला. १९५५ मध्ये न्यू जर्सीतील एका दांपत्याने क्रायस्लरची प्लिमथ मोटार घेतली. अवघे ४६८ मैल झाले असताना स्टिअरिंग निकामी झाले आणि मोटार भिंतीवर आदळली. छापील वॉरंटी म्हणत होती : ९० दिवस किंवा ४,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तोवर, तेही केवळ सदोष भाग बदलून देण्यापुरते. बाकी सर्व जबाबदारी नाकारलेली. हाच मजकूर बहुतेक सर्व मोठे मोटार-कारखानदार वापरत. ग्राहकाने दुसऱ्या दुकानात जावे तरी तोच कागद पुढे येई.

१७/
१९६० मध्ये हेनिंगसेन खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कागद अमान्य केला. वस्तू तिच्या कामास योग्य असेल ही गर्भित हमी विक्रीतच असते. वाटाघाटीची संधीच नसलेल्या ग्राहकापुढे बारीक अक्षरांतला मजकूर ठेवून ती काढून घेता येणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे वॉरंटीचा छापील कागद अधिकार देणारा दस्तऐवज म्हणून जन्मला नव्हता. आधीच असलेल्या अधिकाराभोवती कुंपण घालण्यासाठी तो वापरला गेला. ४५ वर्षांनी कन्सोलच्या खोक्यात पुन्हा ‘९० दिवस’ दिसतात, तेव्हा ती निव्वळ योगायोगाची संख्या वाटत नाही.

१८/
कायदा थांबला नव्हता. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने अमेरिकेत वॉरंटीच्या भाषेला शिस्त लावली. आमच्याच भागांनी व आमच्याकडूनच दुरुस्ती केली तरच वॉरंटी टिकेल, अशी अट साधारणतः घालता येत नाही. तरीही ‘हे सील फाडल्यास वॉरंटी रद्द’ अशा चिकटपट्ट्या कन्सोलांवर वर्षानुवर्षे राहिल्या. २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना याबाबत ताकीद दिली. त्यांत सोनी, निन्टेंडो आणि मायक्रोसॉफ्ट तिन्ही होत्या. कायदा झाला १९७५ मध्ये आणि ताकीद मिळाली ४३ वर्षांनी!

१९/
वेगळे वागणे शक्य होते का? होते. १९८३ च्या जुलैमध्ये निन्टेंडोने जपानमध्ये फॅमिकॉम विक्रीस आणला. सुरुवातीच्या प्रतींत चिपचा दोष निघाला आणि खेळ मध्येच गोठू लागले. अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी बाजारात गेलेला माल परत बोलावला आणि नवा मदरबोर्ड बसवून तो पुन्हा विक्रीस पाठवला. तेव्हा यंत्रे थोडी होती, म्हणून ते परवडले, हा युक्तिवाद खरा आहे. पण तत्त्वातला फरक उरतोच : तिकडे ‘दोष आहे, परत आणा’, इकडे ‘बिघडेल तेव्हा कळवा’. एक्सबॉक्स ३६० कधीच परत बोलावला गेला नाही.

२०/
बिघडल्यावर काय होई? फोन करायचा, अनुक्रमांक सांगायचा. कंपनी रिकामे खोके पाठवी, त्यात कन्सोल भरून रवाना करायचा. खेळणाऱ्यांनी त्या खोक्याला ‘शवपेटी’ म्हटले. काही आठवड्यांनी यंत्र परते, सोबत ऑनलाइन सेवेचे एका महिन्याचे कार्ड. कधी परत येणारे यंत्र दुसरेच असे. मग नवी अडचण : विकत घेऊन उतरवलेले खेळ जुन्या यंत्राशी जखडलेले, इंटरनेट जोडल्याखेरीज ते नव्यावर चालत नसत. परवाने हलवण्याची सोय २००८ मध्ये आली. वॉरंटीने खोके परत दिले होते; त्या खोक्यातले ‘माझे’ काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

२१/
आता स्मृतीचा प्रश्न. तत्कालीन अधिकारी पीटर मूर यांनी २०१५ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की त्यांनी ११५ कोटी डॉलरचा आकडा मुख्याधिकारी स्टीव्ह बामर यांच्यापुढे ठेवला, त्यात सुमारे २४ कोटी निव्वळ कुरिअरचे होते, आणि बामर यांनी तत्काळ होकार दिला. २०२१ मध्ये कंपनीने स्वतःच्या वाटचालीवर सहा भागांचा माहितीपट काढला. त्यातला एक भाग लाल कड्याला वाहिलेला. त्याच सुमारास लाल कड्याचे भित्तिचित्रही विक्रीस ठेवले. दोषाची खूण आता शोभेची वस्तू झाली.

२२/
ही थोर पुरुषांच्या इतिहासाची नेहमीची रीत आहे. एक खोली, दोन माणसे, एक धाडसी होकार. या चौकटीत ग्राहक येतात ते केवळ निर्णयाचे लाभार्थी म्हणून. वस्तुतः त्या खोलीत तो आकडा पोहोचवला कोणी? दीड वर्ष फोनवर ताटकळलेल्यांनी, छायाचित्रे मांडणाऱ्यांनी, एकाच घरात दुसरे-तिसरे यंत्र मेल्याची नोंद ठेवणाऱ्यांनी. त्यांची साधने विखुरलेली आहेत. त्यांतली बरीच संकेतस्थळे आज बंद आहेत. अधिकाऱ्यांच्या मुलाखती मात्र जतन आहेत. ज्याचे दफ्तर टिकते, त्याचीच बखर होते.

२३/
कंपनीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. तिने अखेर दोष मान्य केला, परतावा दिला, आणि पुढे अभियंत्यांनी कारणही उघड सांगितले. इतक्या मोठ्या रकमेचा बोजा उचलण्याऐवजी खटले लढवत बसणे शक्य होते. हे श्रेय मी नाकारत नाही. माझा आक्षेप शब्दाला आहे. घेणेकऱ्याचे देणे फेडले, तर त्याला फेड म्हणावे, दान म्हणू नये. सदोष वस्तू विकणाऱ्याने ती दुरुस्त करून देणे ही फेड आहे. तिला दान म्हटले की पुढचा ग्राहक अधिकाराने मागण्याऐवजी हात जोडून मागू लागतो.

२४/
आणि दिवा नसेल तर काय होते, याचेही उदाहरण आहे. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरची काडी कोणी हात न लावता सरकू लागते. लाल खूण नाही, यंत्र बंदही पडत नाही. नुसते पात्र पडद्यावर आपोआप चालू लागते. अमेरिकेत २०१९ मध्ये सामूहिक दावा दाखल झाला, युरोपातील ग्राहक संघटनांनी २०२१ मध्ये तक्रार केली, आणि युरोपात वॉरंटी संपल्यावरही विनामूल्य दुरुस्तीचे जाहीर आश्वासन आले ते २०२३ मध्ये. सहा वर्षे! दोष सर्वत्र तोच होता. आश्वासन मिळाले ते जिथे ग्राहक संघटित होते तिथे.

२५/
आपल्याकडे पाहू. एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला, म्हणजे अमेरिकेत पहिली माघार सुरू झाली त्याच महिन्यात. आपल्या १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम १६ मध्ये गर्भित हमीचे तत्त्व आहेच. १९८६ चा आणि त्याजागी आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, दोन्हींत समान हित असलेल्या अनेकांच्या वतीने एकत्र तक्रार करण्याची वाट आहे. माल परत बोलावण्याचा आदेश देण्याचे अधिकार नव्या प्राधिकरणाला आहेत. पण ते धोकादायक, असुरक्षित वस्तूंसाठी. नुसते अकाली मरणारे यंत्र त्यात सहज बसत नाही.

२६/
मराठी वाचकाला ही सामूहिकतेची कल्पना नवी नसावी. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली; १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत सामुदायिक खरेदीच्या वाटेने चालत आली. तेल, डाळ, साबण एकत्र घेणाऱ्या त्या शेजारसमूहांना एक गोष्ट उमगली होती : एकट्या ग्राहकाची तक्रार ही कुरबुर असते, शंभरांची तीच तक्रार ही वस्तुस्थिती असते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत आपण पुन्हा एकेकटे झालो आहोत.

२७/
म्हणून माझे मत तीन मुद्द्यांत मांडतो.

एक : विकलेल्या यंत्रांतील बिघाडाचे प्रमाण कंपन्यांनी दरवर्षी जाहीर करणे कायद्याने बंधनकारक असावे.
दोन : रचनेतला दोष सिद्ध झाला की वॉरंटीची मुदत कॅलेंडरवरून मोजू नये, त्या वस्तूच्या वाजवी आयुष्यावरून मोजावी.
तीन : दुरुस्तीत यंत्र बदलले तर ग्राहकाने विकत घेतलेले खेळ आणि साठवलेली प्रगती अबाधित राहणे हा वॉरंटीचाच भाग मानावा.

२८/
तोवर आपल्या हाती एक काम आहे, आणि ते इतिहासाचेच आहे : नोंद ठेवणे. पावतीची छपाई पुसट होते, तिचे छायाचित्र काढा. अनुक्रमांक लिहून ठेवा. बिघाडाची खूण दिसली त्या दिवसाची तारीख, तक्रार क्रमांक, मिळालेले उत्तर शब्दशः टिपून ठेवा. तोंडी उत्तर मिळाले तर ते ईमेलवर मागा.

‘अशी तक्रार पहिल्यांदाच आली’ हे उत्तर तुम्हाला कोणत्या यंत्राबाबत, कोणत्या साली मिळाले, ते खाली लिहा. कोणत्याही कंपनीचे, कोणतेही यंत्र चालेल. मी एकत्र यादी करून पुढच्या धाग्यात मांडेन.

धागा समाप्त.